रॉडवरचा इपॉक्सीचा थर रात्री सपाट, सकाळी उंचसखल : दोष ओळखण्याची आणि घालवण्याची पद्धत

फिशिंग रॉडवर गाइड (ज्यांतून गळाची दोरी जाते त्या कड्या) दोऱ्याने बांधून झाले की त्या बांधणीवर पारदर्शक इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून लावायच्या आणि मग घट्ट होणाऱ्या लेपाचा, थर द्यावा लागतो. रात्री झोपण्यापूर्वी हा थर अगदी सपाट दिसतो आणि सकाळी पाहावे तर मध्ये फुगलेला, कडेला पातळ, कोठे खळगे पडलेला किंवा हाताला चिकटणारा झालेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात स्वतःचे रॉड स्वतः बांधणाऱ्या बहुतेकांची ही तक्रार असते, आणि ती पावसाळ्यात हमखास वाढते. त्याचे कारण उघड आहे. जून लागला की मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा गढूळ होऊन दुथडी वाहू लागतात, गळ टाकायला जाणे थांबते आणि वर्षभर रखडलेली रॉडची दुरुस्ती हातात घेतली जाते. म्हणजे इपॉक्सीला सर्वांत नकोशी असलेली हवा आणि आपला मोकळा वेळ एकाच महिन्यात येतात.

थर बिघडला की बहुतेक जण आपला हात अजून बसलेला नाही असे समजून ब्रश बदलतात, नाही तर इपॉक्सीची कंपनी बदलतात. माझ्या मते ब्रशचा हात हे कारण क्वचितच असते, कारण रॉडसाठीचे इपॉक्सी घट्ट होईपर्यंत मोटरने सावकाश फिरवत ठेवलेल्या रॉडवर आपोआप पसरून सपाट व्हावे याच हिशोबाने बनवलेले असते. ते सपाट होत नसेल तर कोणती तरी गोष्ट त्याला अडवत आहे. ती गोष्ट कोणती, हे दोषाचा आकार, त्याची जागा आणि तो दिसण्याची वेळ या तिन्हींवरून बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते.

दोष केव्हा आणि कोठे दिसतो

इपॉक्सी लावल्यापासून पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच ते एखाद्या जागेवरून मागे सरकून तेथला दोरा किंवा ब्लँक (रॉडची मूळ काठी) उघडा पडत असेल, तर त्या जागी तेल, मेण किंवा सिलिकॉन आहे असे समजावे. अर्ध्या तासापासून तीन-चार तासांपर्यंत हळूहळू फुगवटा, लाटा किंवा एका अंगाची जाडी तयार होत असेल, तर कारण थराची जाडी, फिरण्याचा वेग किंवा रॉडची लेव्हल यांत आहे. रात्री सर्व ठीक असून सकाळी वर ओशटपणा, चिकटपणा किंवा बुडबुडे दिसले, तर मोजमाप, ढवळणे आणि हवा यांच्याकडे वळावे.

डोळ्यांना नुसते पाहून फुगवटा लवकर कळत नाही. त्यासाठी रॉड ट्यूबलाइटला समांतर धरावा, म्हणजे बांधणीवर प्रकाशाची एक पांढरी रेघ उमटते. थर समान असेल तर ती रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाते. मध्ये फुगवटा असेल तर ती तेथे बाहेर वाकते आणि खळगा असेल तर तुटल्यासारखी दिसते. रॉड सावकाश फिरवत ही रेघ पाहिली की दोष एका बाजूला आहे की सभोवार आहे हेही समजते, आणि पुढचा सर्व विचार या एका गोष्टीवर ठरतो.

मध्ये फुगलेला आणि कडेला पातळ थर

हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, ते म्हणजे एका वेळी लावलेले जास्तीचे इपॉक्सी. पाऊस थांबल्यावर कपडे वाळत घालण्याच्या तारेवर पाण्याचा सलग थर कधीच टिकत नाही, तो ठरावीक अंतरांवर थेंबांत गोळा होतो. गोल काठीवरच्या कोणत्याही द्रवाचे असेच होते, कारण पृष्ठताणामुळे द्रव आपला पृष्ठभाग कमीत कमी करू पाहतो. एकोणिसाव्या शतकात प्लॅटो आणि रॅले या दोन शास्त्रज्ञांनी द्रवाच्या धारेचे थेंब का होतात याचा उलगडा केला आणि काठीवरच्या थरालाही तोच नियम लागू पडतो. काठीवर पातळ थर असेल तर हे फुगवटे साधारणपणे काठीच्या व्यासाच्या साडेचार पट अंतरावर तयार होतात. ब्लँक पाच मिलीमीटर जाडीचा असेल तर हे अंतर सव्वादोन सेंटीमीटर येते, आणि गाइडच्या एका पायावरची (ब्लँकला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीवरची) बांधणीही जवळपास तेवढ्याच लांबीची असल्याने तिच्यावर नेमका एक फुगवटा मधोमध बसतो. मुठीच्या पुढे दहा मिलीमीटर ब्लँकवर नक्षीची लांब बांधणी केली असेल, तर तेथे चार-साडेचार सेंटीमीटरच्या अंतराने लाटा उठतात. लाटांमधले हे अंतर पट्टीने मोजून पाहावे. ते व्यासाशी जुळत असेल तर ब्रशला दोष देण्याचे कारण उरत नाही.

या नियमाचा दुसरा भाग अधिक उपयोगी आहे. थराची जाडी दुप्पट झाली तर फुगवटा वाढण्याचा वेग आठपट होतो, आणि जाडी तीच ठेवून काठीचा व्यास निम्मा केला तर तो सोळापट होतो. कटला-रोहूसाठी हिडकल जलाशयावर वापरण्याच्या जाड रॉडच्या मुळाकडच्या बांधणीवर जेवढे इपॉक्सी बिनतक्रार सपाट राहते, तेवढ्याच जाडीचा थर शेंड्याकडच्या दोन-तीन मिलीमीटर ब्लँकवर तासाभरात मण्यासारखा का होतो, याचे उत्तर येथे आहे. त्यामुळे सर्व बांधण्यांवर सारख्याच जाडीचा थर देण्याचा आग्रह सोडावा. शेंड्याकडे जाताना थर उत्तरोत्तर पातळ झाला पाहिजे, आणि तेथे चकाकी कमी वाटली तर तिसरा पातळ थर द्यावा, पण एका थरात भरणी करू नये.

जास्तीचे इपॉक्सी काढण्याची रीत सोपी आहे, मात्र ती घाईत करता येत नाही. पहिला थर लावून रॉड तीन-चार मिनिटे फिरू द्यावा, म्हणजे इपॉक्सी दोऱ्यात मुरते आणि दोऱ्याच्या फटींतली हवा वर येते. मग मोटर थांबवावी आणि बांधणीच्या खालच्या बाजूकडे पाहावे. एक-दोन मिनिटांत तेथे इपॉक्सी ओघळून जमू लागते, आधी एक पुसट जाड रेघ दिसते आणि मग तिचा मधला भाग खाली लोंबतो. हा लोंबणारा भाग कोरड्या, स्वच्छ ब्रशच्या टोकाने अलगद टिपून घ्यावा, ब्रश ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पुसावा, रॉड अर्धा फिरवावा आणि पुन्हा वाट पाहावी. दोन्ही अंगांनी थांबवूनही खाली काही जमेनासे झाले म्हणजे योग्य तेवढे इपॉक्सी उरले. अशा वेळी दोऱ्याचे वेढे थराखाली डोळ्यांना किंचित जाणवतात, आणि नवशिक्याला थर कमी पडला असे वाटून पुन्हा ब्रश बुडवण्याचा मोह होतो, तो आवरावा. पहिल्या थराचे काम दोरा भिजवून बांधून ठेवणे एवढेच आहे. सपाटपणा दुसऱ्या थराने येतो. जाड थराचे इपॉक्सी एकाच थरात काम भागवते असे म्हणतात आणि कोरड्या हवेत, जाड ब्लँकवर ते खरेही ठरते; आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र मी पातळ इपॉक्सीचे दोन थर केव्हाही पसंत करीन.

कडेची रेघ नागमोडी येणे हा वेगळा दोष आहे. फिरत्या रॉडवर ब्रश पुढे-मागे हलवल्याने तो होतो. ब्रश दोऱ्याच्या कडेपासून एक-दीड मिलीमीटर पुढे ब्लँकवर स्थिर टेकवून रॉडलाच एक पूर्ण फेरा फिरू द्यावा, म्हणजे रेघ सरळ येते.

एकाच अंगाला किंवा एकाच दिशेला जाडी

येथे सर्व बांधण्या एकत्र पाहाव्यात. प्रत्येक बांधणीवर जाडी ब्लँकच्या एकाच अंगाला, म्हणजे सर्व गाइडच्या खाली किंवा सर्व गाइडच्या डाव्या बाजूला असेल, तर इपॉक्सी ओले असताना रॉड थांबला होता. प्रत्येक बांधणीची शेंड्याकडची कड जाड आणि मुठीकडची पातळ असेल, तर रॉड शेंड्याकडे कललेला होता. शेंड्याच्या दोन-तीन बांधण्यांवरच असे झाले असेल, तर रॉडला पुढे आधार नव्हता आणि शेंडा स्वतःच्या वजनाने वाकला होता.

रॉड थांबण्याचे कारण आपल्याकडे विचारायला नको. पावसाळी रात्री वीज जाते, मोटर थांबते, आणि इपॉक्सी घट्ट होण्यापूर्वी वीज आली नाही तर सगळे खाली उतरते. साधारण २५ अंश तापमानात बहुतेक रॉड-इपॉक्सी चार ते सहा तासांत ओघळण्यापलीकडे घट्ट होते. हवा थंड असेल तर त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ फेरे अखंड चालू राहावेत म्हणून घरगुती विजेवर चालणाऱ्या मोटरऐवजी १२ व्होल्टची गिअर असलेली डीसी मोटर आणि एक जुनी बॅटरी वापरणे हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. तशी सोय नसेल आणि वीज गेलीच, तर रॉड दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा फेरा हाताने फिरवत राहावा. त्यातही थर पातळ असेल तर नुकसान फारसे होत नाही, हा पातळ थराचा आणखी एक फायदा.

फेऱ्यांचा वेग मिनिटाला ९ ते १८ ठेवावा. मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर जुन्या सामानात स्वस्तात मिळते, पण ती मिनिटाला जेमतेम पाच-सहा फेरे करते, आणि काहींचा वेग त्याच्याही निम्मा असतो. एवढ्या संथ फेऱ्यात थर पातळ नसेल तर इपॉक्सी फिरण्याच्या आधीच खाली सरकते. जुन्या ग्राइंडरची मोटर लावून वेग फार वाढवणेही तितकेच वाईट, कारण मग इपॉक्सी गाइडच्या पायाशी आणि उंचवट्यांवर बाहेर फेकले जाते.

लेव्हल गवंड्याच्या पट्टीने तपासता येते, मात्र ब्लँक मुळाशी जाड आणि शेंड्याला बारीक असल्याने पट्टी नुसती ब्लँकवर ठेवून फसगत होते. बांधणी जेथे आहे त्या भागाची वरची आणि खालची अशा दोन्ही कडा पाहून मधली रेघ आडवी आहे ना, हे ठरवावे. रॉडला दर दोन फुटांवर आधार असावा आणि आधाराच्या चाकांवर तो उड्या न मारता फिरावा. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या कोणत्याही लहान लेथवाल्याकडून नायलॉनची चार चाके कापून घेतली तर असा स्टँड घरी होतो. लाकडाच्या खाचेत फडके ठेवून भागवण्यापेक्षा ते कितीतरी बरे, कारण फडक्याचे तंतू शेवटी थरावरच येऊन बसतात.

खळगे पडणे आणि इपॉक्सी मागे सरकणे

इपॉक्सी एखाद्या गोल जागेवरून सभोवार मागे सरकते आणि मध्ये उघडा ठिपका राहतो, तेव्हा त्या ठिपक्यावर आणखी इपॉक्सी लावून काही होत नाही, ते पुन्हा मागे सरते. पृष्ठभागावर असा पदार्थ आहे की ज्याच्यावर इपॉक्सी पसरू शकत नाही. हा पदार्थ कोठून येतो याचा शोध घेताना लोक हाताच्या घामापाशी आणि डोक्याच्या तेलापाशी थांबतात. ती कारणे खरी आहेत, पण दोन कारणे सहसा लक्षात येत नाहीत.

पहिले म्हणजे सिरिंज. इपॉक्सी मोजण्यासाठी आपण औषधाच्या दुकानातून सिरिंज आणतो. तिच्या दट्ट्याच्या टोकाला काळे रबर असते आणि ते सहज सरकावे म्हणून आत सिलिकॉनचे तेल लावलेले असते. त्या तेलाचा अंश इपॉक्सीत उतरतो आणि मग बांधणी कितीही स्वच्छ पुसली तरी खळगे पडतच राहतात, कारण दोष बांधणीवर नसून मिश्रणातच असतो. ओळखण्याची खूण अशी की असे खळगे सर्व बांधण्यांवर विखुरलेले असतात, एकाच बांधणीवर नसतात. रबर नसलेली, संपूर्ण प्लास्टिकच्या दोन भागांची सिरिंज वापरली की हा प्रश्न मिटतो. रेझिनची आणि हार्डनरची सिरिंज कायम वेगळी ठेवावी, हे सांगायला हवेच.

दुसरे कारण म्हणजे दोरा. रॉडसाठीचा नायलॉन दोरा बाहेरून मागवावा लागतो आणि महाग पडतो, म्हणून शिलाईचा किंवा भरतकामाचा पॉलिएस्टर दोरा वापरण्याकडे ओढा असतो. शिलाईचा दोरा यंत्राच्या सुईतून वेगाने जाताना तापून तुटू नये म्हणून त्याला मेण किंवा सिलिकॉनचा हात दिलेला असतो, आणि नेमका तोच इपॉक्सीला आड येतो. शिवाय साधा शिलाईचा दोरा आखूड तंतू पिळून केलेला असल्याने त्याला बारीक लव असते आणि ती थरातून काट्यासारखी वर येते. वडगाव-शहापूरकडच्या विणकरांकडून रेशीम आणि जरीची तार मिळते आणि ती दिसायला सुरेखही असते. पण रेशीम इपॉक्सीत भिजल्यावर पारदर्शक होऊन खालच्या ब्लँकचा रंग दिसू लागतो, आणि जरीची तार इपॉक्सी शोषत नसल्याने तिच्यावर थर मुळातच पातळ द्यावा लागतो. कोणताही नवा दोरा रॉडवर बांधण्यापूर्वी मोडक्या ब्लँकच्या तुकड्यावर दोन सेंटीमीटर बांधून, त्यावर इपॉक्सी लावून पंधरा मिनिटे पाहावे. मागे सरकणार असेल तर तेवढ्या वेळात ते सरकतेच.

खबरदारी म्हणून बांधणी झाल्यावर तिला उघड्या बोटांनी हात लावू नये, पावडर नसलेले नायट्रिलचे हातमोजे घालावेत आणि ब्लँकचा बांधणीलगतचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा. हातमोजे केवळ थरासाठी नव्हेत. हार्डनर वारंवार कातडीला लागला तर काही जणांना कायमची ॲलर्जी जडते. स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत हे काम करू नये, कारण फोडणीच्या धुरातले तेल हवेतून येऊन बसते. आणि जेथे गाडीचे पॉलिश, स्प्रे किंवा गंजरोधक तेल फवारले जाते अशा गॅरेजमध्ये तर मुळीच करू नये.

एक गैरसमज येथेच दूर करावा. पुष्कळदा थर अगदी समान असतो आणि दोऱ्याचा रंग मात्र डागाळलेला दिसतो, तो पाहून लोक थर पुन्हा खरवडतात. रंग टिकवण्यासाठी दोऱ्यावर आधी जे द्रावण लावतात ते कमी-जास्त लागले असेल तर कोठे इपॉक्सी दोऱ्यात मुरते आणि कोठे मुरत नाही, त्याचे हे डाग असतात. ट्यूबलाइटची रेघ सरळ असेल तर थराला हात लावू नये; तो दोष बांधणी सोडल्याशिवाय जात नाही.

सकाळी चिकट किंवा ओशट लागणे

चिकट आणि ओशट हे दोन निरनिराळे दोष आहेत आणि ते एकच समजल्याने चुकीचे उपाय होतात. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून त्यात भिजवलेल्या फडक्याने थर पुसावा आणि वाळल्यावर नख दाबून पाहावे. ओशटपणा निघून गेला आणि नख रुतले नाही, तर थर चांगला आहे, त्याच्यावर फक्त एक पापुद्रा आला होता. नख रुतत असेल, तर थर आतूनच कच्चा आहे.

ओशट पापुद्रा येतो तो हवेमुळे. हार्डनरमधील अमाइन हे रसायन हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावते आणि पृष्ठभागावर एक पाण्यात विरघळणारा थर तयार होतो. हवा जितकी दमट आणि थंड, तितका तो जास्त. तो तसाच ठेवून दुसरा थर दिला तर तो चिकटत नाही किंवा त्यात खळगे पडतात, म्हणून पहिला थर चांगला आणि दुसरा बिघडलेला अशी तक्रार आली की मी आधी या पापुद्र्याचा संशय घेतो. तो पाण्यानेच काढावा, नुसत्या अल्कोहोलने तो नीट निघत नाही, आणि धुण्यापूर्वी पॉलिश पेपर मारला तर तो पृष्ठभागात आणखी चोळला जातो.

समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर असलेल्या बेळगावात आणि त्याहून अधिक खानापूर, जांबोटी, कणकुंबी या घाटालगतच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये हवा दिवसचे दिवस ओलीच असते आणि रात्री गारठाही पडतो. अशा वेळी खोलीतला ओलावा काढणे शक्य नसले तरी रॉडभोवतीची हवा थोडी गरम करणे शक्य असते आणि तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो. २२ अंशांवर ९० टक्के आर्द्रता असलेली हवा पाच अंशांनी तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते. पुठ्ठ्याचे लांब खोके किंवा प्लायवूडची पेटी करून तिच्यात जुन्या पद्धतीचे ६० वॅटचे एक-दोन दिवे लावले की हे साधते. दिवा बांधणीच्या आणि पुठ्ठ्याच्याही फार जवळ नसावा, आणि पेटी इपॉक्सी लावण्याच्या तासभर आधीपासून गरम असावी. शेगडी किंवा गॅस पेटवून खोली गरम करण्याचा विचार मात्र करू नये. जळणातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही बाहेर पडतात, म्हणजे पापुद्र्याला हवे ते सर्व आपणच पुरवतो.

अथणी-रायबागकडच्या मंडळींची अडचण याच्या उलट असते. तेथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३८ अंशांच्या पुढे जातो, इपॉक्सी आधी पाण्यासारखे पातळ होऊन ओघळते आणि मग बघता बघता वाटीतच घट्ट होते. त्यांनी काम सूर्यास्तानंतर करावे आणि मिश्रण वाटीत न ठेवता ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरून ठेवावे. वाटीत एकत्र असलेले मिश्रण आपल्याच उष्णतेने तापते, पसरलेले तापत नाही. ही फॉइलची सवय खरे तर सर्वांनीच लावून घ्यावी.

थर आतून कच्चा राहण्याचे कारण मोजमाप किंवा ढवळणे. सर्वच बांधण्या सारख्या मऊ असतील तर प्रमाण चुकले, आणि एक बांधणी कडक तर दुसरी मऊ, किंवा एकाच बांधणीवर चिकट पट्टे असतील तर मिश्रण नीट ढवळलेले नव्हते. रॉडसाठीचे बहुतेक इपॉक्सी समप्रमाणात मिसळायचे असते, पण हे प्रमाण आकारमानाचे आहे, वजनाचे नाही. रेझिन हार्डनरपेक्षा जड असते, त्यामुळे सराफी काट्यावर दोन्ही सारख्या वजनाचे घेतले तर हार्डनर जास्त पडतो. काटाच वापरायचा असेल तर उत्पादकाने दिलेले वजनाचे प्रमाण पाहावे. मोजताना प्रत्येकी तीन मिलीलीटरपेक्षा कमी घेऊ नये. ०.२ मिलीलीटरची चूक तीन मिलीलीटरमध्ये सुमारे सात टक्के होते, पण एका मिलीलीटरमध्ये तीच वीस टक्के होते. उरलेले फेकून द्यावे लागते याचे वाईट वाटून घेऊ नये, रॉड पुन्हा बांधण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

ढवळणे सावकाश, चार-पाच मिनिटे, काठ आणि तळ खरवडत करावे. फॉइलवर ओतताना मात्र काठाला चिकटलेले खरवडून घेऊ नये, कारण कच्चे राहिलेले नेमके तेथेच असते. हिवाळ्यात बाटलीतले रेझिन दुधाळ किंवा रवाळ झाले असेल तर बाटली घट्ट झाकून गरम पाण्यात ठेवावी आणि रेझिन स्वच्छ झाल्यावर, निवल्यावरच वापरावे. पातळ करण्यासाठी त्यात थिनर किंवा अॅसिटोन घालण्याची सवय मला पटत नाही, कारण ते उडून जाताना थर आक्रसतो आणि मऊही राहू शकतो. पातळपणा हवा असेल तर बाटल्याच मोजण्याआधी थोड्या कोमट कराव्यात. आजकाल घरोघरी शोभेच्या वस्तूंसाठी जे रेझिन आणतात, ते येथे वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्यातील पुष्कळांचे प्रमाण २:१ किंवा ३:१ असते, आणि वाळल्यावर ते कडक होत असल्याने मासा ओढताना रॉड वाकला की गाइडच्या पायाशी त्याला चीर जाते.

बुडबुडे

ढवळताना आलेले बुडबुडे फॉइलवर पसरल्यावर बहुतेक फुटतात. उरलेल्यांसाठी स्पिरिटच्या दिव्याची ज्योत बांधणीखालून झरकन फिरवावी, थांबवू नये. लायटरने काजळी धरते. अर्ध्या-एक तासाने पुन्हा पुन्हा एकाच जागेवरून वर येणारे बुडबुडे मात्र गाइडच्या पायाच्या दोन्ही बाजूंना, पाय आणि ब्लँक यांच्यामध्ये, दोऱ्याखाली राहिलेल्या त्रिकोणी पोकळीतले असतात. भिंग घेऊन पाहिले तर पायाच्या टोकाशी त्या पोकळीचे बारीक तोंड दिसते. पहिल्या थरात गाइड वर येईल असा रॉड थांबवून त्या तोंडाशी इपॉक्सीचा थेंब ठेवावा आणि तो आत ओढला जाईपर्यंत थांबावे. दुसऱ्या तोंडातून इपॉक्सी डोकावले की पोकळी भरली. खोलीचे तापमान वाढत असताना आतली हवा फुगून बाहेर येते, म्हणून सकाळी थर देऊन रॉड उन्हात सरकवणे टाळावे आणि पेटी वापरत असल्यास ती आधीच गरम करून तापमान स्थिर ठेवावे.

बिघडलेला थर सुधारणे

कडक झालेला फुगवटा, ओघळ किंवा धूळ काढण्यासाठी सर्व खरवडण्याची गरज नसते. उंच भाग नव्या ब्लेडने, ब्लेड जवळजवळ आडवे धरून, पातळ सालीसारखा तासून घ्यावा आणि मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह हलक्या हाताने मारून चकाकी पूर्ण घालवावी. चकाकता ठिपका उरला असेल तर तेथे खळगा आहे असे समजून तेवढा भाग पेपरची घडी करून घासावा. दोरा मात्र उघडा पडू देऊ नये. भगदाड दुसऱ्या थराखालीही दिसत राहते. मग धुऊन, पुसून, वाळवून पातळ थर द्यावा. पहिला थर दिल्यापासून २४ तासांच्या आत दुसरा देत असाल आणि दोष नसेल, तर पेपर मारण्याची गरज पडत नाही.

कच्च्या राहिलेल्या थराला आधी दोन-तीन दिवस गरम पेटीत ठेवून पाहावे. थंडीमुळे रखडलेला थर तेवढ्यात कडक होतो. नुसते वरवर चिकट पट्टे राहिले असतील तर नीट मोजून ढवळलेला नवा थर वरून दिला की बहुधा निभावते. नख खोल रुतत असेल तर मात्र तो काढावाच लागतो. हेअर ड्रायरने थर गरम करून मऊ करावा आणि दोरा नेहमी गाइडच्या धातूच्या पायावरच कापावा, म्हणजे ब्लेड ब्लँकला लागत नाही. कार्बनच्या ब्लँकवर ब्लेडचा एक आडवा ओरखडा उठला तरी मोठी मरळ लागल्यावर रॉड त्याच जागी मोडतो, आणि तेव्हा दोष ब्लँकला दिला जातो.

शेवटचा थर दिल्यानंतर रॉड दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला तरी तो पिशवीत घालू नये आणि वाकवूनही पाहू नये. पूर्ण ताकद यायला आठवडाभर लागतो, पावसाळ्यात त्याहून दोन दिवस जास्त धरावेत, आणि तोवर रॉड भिंतीला टेकवून न ठेवता खुंटीला उभा टांगावा.